खोक्यावरचं कुंकू

१

आधी बाज्या मेला, मग औषध सापडलं.

उंबरबारीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला आणलं ते भर दुपारी. मक्याचं काड उचलताना घोणस चावली होती. केंद्रातल्या सिस्टरने फ्रीज उघडला, तर सापाच्या विषावरचं औषध जागेवर नव्हतं. ॲम्ब्युलन्सही जागेवर नव्हती. गावातल्या पिकअपमध्ये टाकून त्याला शहाद्याकडे न्यायला निघाले आणि घाटातच सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फ्रीज पंचांसमोर उघडला, तेव्हा औषधाचं खोकं आत होतं. कुलूप शाबूत, खोक्याचं सील शाबूत, आत दहाच्या दहा बाटल्या.

पंच बोलावले होते तालुका आरोग्य अधिकारी डॉ. हिंमतराव पाटील यांनी. एरवी या घाटात त्यांची गाडी कुणी पाहिली नव्हती. माणूस जिवंत असताना येत नाहीत, मेल्यावर मात्र पंचनाम्याला वेळेवर हजर. त्यांनी फ्रीज दाखवला, मग सिस्टरकडे बोट दाखवलं. औषध असून दिलं नाही, हा निष्काळजीपणा. सिस्टर यामिनी वळवी निलंबित झाली आणि पोलिसात गुन्हा नोंदवायचा की नाही, हे चौकशीवर ठेवलं गेलं.

चौकशी समितीचे अध्यक्ष हिंमतरावच. सदस्य म्हणून त्यांनी नंदुरबारहून साथरोगतज्ज्ञ डॉ. आफशीन मन्सुरी हिला मागून घेतलं. ती कंत्राटी होती, जिल्ह्यात रुजू होऊन तिला महिनाच झाला होता, आणि कंत्राटी माणूस मार्चचं नूतनीकरण तोंडावर असताना वाकडं बोलत नाही, असा खात्याचा अनुभव आहे.

"मॅडम, दोन ओळींचं काम आहे," ते फोनवर म्हणाले. "औषध उपलब्ध होतं, दिलं गेलं नाही. लिहा आणि मोकळ्या व्हा."

आफशीनच्या वडिलांचं नंदुरबारात गाद्यांचं दुकान होतं. कापसात खडा असला तर पिंजणाऱ्याच्या हाताला आधी कळतो, असं ते म्हणायचे. हिंमतरावांचं बोलणं ऐकताना तिच्या हाताला खडा लागला. ती त्याच सकाळी उंबरबारीला निघाली.

केंद्रात पोचल्यावर तिने पहिल्यांदा खोकं बाहेर काढायला लावलं. समोरच्या बाजूवर हळद-कुंकवाचा टिळा होता.

"हे काय?"

"दसऱ्याला आम्ही शस्त्रपूजा करतो मॅडम," परिचारिकांच्या खोलीच्या दारात उभी असलेली यामिनी म्हणाली. निलंबित असूनही ती गेली नव्हती. "प्रसूतीचं टेबल, स्टेथो, फ्रीज, सगळ्याला कुंकू. आणि हे खोकं तर आमचं मोठं शस्त्र. मीच लावला होता टिळा. गोल होता."

आता तो गोल नव्हता. कुंकू भिजून ओघळलं होतं आणि पुठ्ठा पापडासारखा फुगून वाळला होता. आफशीनने खोकं शेल्फवर होतं तसं ठेवलं आणि खाली वाकून पाहिलं. तिला त्या फ्रीजचा, त्या खोलीचा, सगळ्या खात्याचा एकदम संताप आला, कारण कुणीतरी आपल्याला बावळट समजलंय हे तिला कळलं.

कुंकवाचा ओघळ टिळ्यापासून वर गेला होता. आणि पाणी वर चढत नाही.

२

"फ्रीजची किल्ली कुणाकडे?"

"एक माझ्याकडे." यामिनीने गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीला बांधलेली किल्ली दाखवली. "एक मेडिकल ऑफिसरच्या ड्रॉवरमध्ये."

"खोकं शेवटचं कधी पाहिलंत?"

"बाज्याला आणलं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी. मग मी पाड्यावर लसीकरणाला गेले, अंधार पडताना परत आले. तेव्हा फ्रीज उघडला नाही. नडच नव्हती."

मेडिकल ऑफिसरच्या खोलीत एक खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल होता, निळ्या काठाचा, परीटघडीचा. त्यावर कुणी टेकल्याची एकही सुरकुती नव्हती. टेबलावर धूळ होती, पण ड्रॉवरच्या मुठीवर नव्हती. आफशीनने ड्रॉवर ओढला. आत किल्ली होती.

"मेडिकल ऑफिसर कोण आहेत?"

"पद रिकामं आहे. प्रभारी आहेत. ते कधी येत नाहीत, कागदावर नुसतं पद असतं, नाव आम्हालाही ठाऊक नाही. त्यांच्याकडे आणखीही चार्ज आहेत."

आपल्या खात्यात डॉक्टर मिळत नाहीत, पण प्रभारी कधी कमी पडत नाही. पद रिकामं राहिलं की त्यावर एक टॉवेल टाकायचा आणि लिहायचं, प्रभारी. कागदावर खुर्ची भरते. साप चावलेल्या माणसाला मात्र कागदावरच्या डॉक्टरचा उपयोग नसतो.

"तुम्ही त्या दिवशी कुणाला कळवलं?"

"सगळ्यांना." यामिनीचा आवाज आता चढला. "प्रभारी डॉक्टरांना केला, उचलला नाही. मग करंजवडच्या केंद्राच्या डॉक्टरांना केला, म्हटलं त्यांच्याकडे तरी औषध असेल, अर्ध्या वाटेत भेटवतील. उचलला नाही. मग तालुका साहेबांना. त्यांनीही नाही. कट करत होते मॅडम. वाजायचा आणि कट व्हायचा. आणि आता म्हणतात, मी कळवलं नाही."

"कोणत्या नंबरावर केलेत?"

"सरकारी. पदाबरोबर मिळतात ते. माणूस बदलतो, नंबर तोच राहतो. म्हणून मी पदाच्याच नावाने ठेवलेत."

बाहेर ओट्यावर एक बाई बसली होती. पुढ्यात वाळवलेल्या भोपळ्यांची माळ होती. ती बाज्याची आई, गजराबाई. काठी गावच्या होळीत कमरेला असे भोपळे आणि घुंगरं बांधून नाचायचा नवस पोराने केला होता. माळ ओवून तयार होती.

गजराबाई पावरी बोलीत काहीतरी म्हणाली. यामिनीने खाली मान घालून मराठीत सांगितलं, "ती म्हणते, मी तिच्या पोराला औषध दिलं नाही, असं साहेब म्हणाले. खरं का, ते विचारते. तिचा माझ्यावर राग नाही म्हणते. फक्त खरं काय ते सांगा."

३

करंजवड सपाटीवर, म्हसावदच्या बाजूला. तिथली इमारत जानेवारीतच सुरू झालेली, रंगाचा वास अजून गेलेला नव्हता. आफशीनची गाडी गावाच्या फाट्यावर पोचली आणि तिने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

फाट्यावर भलामोठा फ्लेक्स लागला होता. 'राज्यस्तरीय तपासणी पथकाकडून गौरव. करंजवड आरोग्य केंद्र जिल्ह्यात प्रथम.' मधोमध डॉ. हिंमतराव, गळ्यात हार, मागे उघडा फ्रीज. उजव्या हाताने ते शेल्फवरची औषधं दाखवत होते. डावा हात शर्टाच्या खिशावर दाबलेला, जणू राष्ट्रगीत चाललंय.

शेल्फवर कोरी करकरीत खोकी होती. त्यांत एकाच खोक्यावर कुंकू होतं आणि कुंकवाचा ओघळ वर चढलेला होता.

आफशीनने डोळे मिटून परत उघडले. चोर पावलांचे ठसे पुसतो. आपल्याकडचा साहेब ठसे पाच फुटी छापून चौकात लावतो, वर स्वतःचं नाव लिहितो.

केंद्रात औषध निर्माण अधिकारी धर्मेंद्र पाटील भेटला. कळसाडीचा, शेतकरी घरातला, स्वभावाने गरीब. उंबरबारीच्या औषधसाठ्याचा चार्जही त्याच्याकडेच होता. त्याने चहा मागवला. आफशीनने चहाला हात लावला नाही.

"धर्मेंद्रभाऊ, तुमचा हा फ्रीज कधी आला?"

"नवी बिल्डिंग उघडनी तवय. जानेवारीमा."

"म्हणजे दसऱ्यानंतर. मग फ्लेक्सवर तुमच्या फ्रीजमधल्या खोक्याला दसऱ्याचं कुंकू कसं?"

धर्मेंद्रने सवयीने मान हलवली. "उद्घाटनले लावं व्हई कोनी."

"उद्घाटनाला फ्रीजच्या दाराला लावतील, आतल्या एका खोक्याला कशाला? आणि तुमचं दार तर कोरं आहे." ती अहिराणीवर आली, कारण राग तिला अहिराणीतच नीट यायचा. "भाऊ, एक पोऱ्या मरी गया. खोटं नका बोला."

धर्मेंद्रने दार लोटलं. तो नखाने टेबलाचा सनमायका उकरू लागला.

"आमनाकडचं औषध सरी गयं व्हतं. पथक येनार व्हतं. वरतीन फोन उना, उंबरबारीनं खोकं आना, दिवसभर मांडा, सांजले परत ठेवा. आदला दिन, सिस्टर पाडावर व्हती तवय, मी ड्रॉवरमातीन चाबी लिधी, खोकं लिधं, बरफना कॅरियरमा घालं. घाईमा उलटं पडनं व्हई. बरफनं पानी झायं." त्याने वर पाहिलं. "मॅडम, हाई आजनं नही. लगीनमा शेजारीनना डाग-दागिना लई नवरी मिरावतस ना, तसंच शे. पथक ये तठे औषध जास. सगळीकडे भरेल दिससं."

"आणि ज्या दिवशी शेजारणीलाच लग्नाला जायचं असतं, तेव्हा?"

धर्मेंद्रने तिचा निवलेला चहा बाजूला सरकवला.

"वरतीन म्हणजे कोण?"

"वरतीन म्हनजे... वरतीन. मी परवानगी इचारी व्हती. उंबरबारीना साहेबनी हा म्हना. करंजवडना साहेबनी मागं. तालुकानी मंजूर करं. तिन्ही जागानी हा व्हती, मंग मी कोन नही म्हननारा?"

एक खोकं हलवायला तीन अधिकाऱ्यांची परवानगी. आफशीनला ते पटेना. जे खातं एक बल्ब बदलायला महिना लावतं, तिथे तीन कचेऱ्या एका दिवसात एकमताने हो म्हणाल्या होत्या. तिने शेजारच्या खोलीत डोकावलं. करंजवडच्या मेडिकल ऑफिसरची खुर्ची रिकामी होती. पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल होता, निळ्या काठाचा, परीटघडीचा.

४

उंबरबारीच्या ॲम्ब्युलन्सचा चालक जामसिंग तिला टाळत होता. शेवटी तो गाडीखाली सापडला, काही बिघाड नसताना पाना-पक्कड घेऊन पडलेला.

"बाहेर ये भाऊ. तुला कुणी खात नाही."

तो आला, पण उभा राहिला नाही. चाकाला टेकून खाली बसला. तो बाज्याच्या शेजारच्या पाड्याचा होता.

"मॅडम, मला कॅरियर दिला. मला वाटलं लस आहे. म्हणाले, ॲम्ब्युलन्स धुऊन करंजवडला लाव, पथकाला दोन गाड्या दाखवायच्यात. मी दिवसभर तिथं उभा. फोनवर कळलं की बाज्याला साप चावला. मी साहेबांना म्हटलं, गाडी घेऊन जाऊ का? म्हणाले, पथक जाईपर्यंत हलायचं नाही." त्याने पान्याने मातीत रेघ ओढली. "मी नाही हललो. गाडी माझ्या हातात होती, आणि मी नाही हललो."

"कोणते साहेब?"

"पाटील साहेब."

"करंजवडच्या डॉक्टरांना नाही विचारलंस? ती गाडी त्यांच्या दारात होती."

जामसिंगने तिच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होता, नंदुरबारहून आलेल्या बाईला एवढंही ठाऊक नसावं? "करंजवडचे डॉक्टर पाटील साहेबच. मूळ नेमणूक तिथंच आहे त्यांची. तालुक्याचा चार्ज वरून आहे."

"आणि उंबरबारीचे प्रभारी?"

"तेच."

आफशीन ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर बसली. तिला शहाद्याच्या तालुका कार्यालयातली खुर्ची आठवली. तिच्यावरही निळ्या काठाचा टॉवेल होता. टॉवेल डझनाने घेतले असणार. उंबरबारीच्या हिंमतरावांनी खोकं द्यायला हरकत घेतली नाही. करंजवडच्या हिंमतरावांनी ते मागितलं. तालुक्याच्या हिंमतरावांनी ते मंजूर केलं. आता चौकशीचे हिंमतराव चौकशी करणार होते, आणि मधे नाही म्हणायला एकही माणूस ठेवलेला नव्हता. ज्याने नाही म्हणावं त्याचीच खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर याचा टॉवेल होता.

एकच गोष्ट अजून बसत नव्हती. यामिनीने फोन केले होते. वाजत होते आणि कट होत होते. एवढा वेळ हा माणूस काय करत होता?

तिने मोबाइलवर काढलेला फ्लेक्सचा फोटो परत पाहिला. उजवा हात, शेल्फ, कुंकू. मग डावा हात. बोटं खिशाच्या आत होती, अंगठा बाहेर.

"जामसिंग," ती म्हणाली, "फाट्यावरचा तो फ्लेक्स उतरवता येईल?"

जामसिंग पाना टाकून उठला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तो सरळ उभा राहिला होता.

"आणि सिस्टरला निरोप दे. उद्या चौकशीला येताना फोन चार्ज करून आणा म्हणावं."

५

चौकशी उंबरबारीच्या ओट्यावर भरली. मोबाइलला रेंज त्या ओट्यावरच यायची, म्हणून केंद्राचं सगळं महत्त्वाचं काम तिथेच चालायचं. पाड्यांवरची माणसं अंगणात बसली होती. हिंमतरावांना एवढी गर्दी नको होती, पण शोकात असलेल्यांना हाकलायचं तर पोलिस लागले असते. गजराबाई खांबाला टेकून होती. धर्मेंद्र मागच्या मागे उभा होता.

"मॅडम, अहवाल वाचा," हिंमतराव म्हणाले. "मग चहा घेऊ."

"अहवाल नाही. सांगते."

तिने खोकं ओट्यावर ठेवलं. जामसिंगने फ्लेक्स आणून अंगणात उलगडला. हिंमतराव मातीत आडवे पसरले, हार घातलेले, जिल्ह्यात प्रथम.

"हे कुंकू दसऱ्याला सिस्टरने लावलं," आफशीन म्हणाली. "गोल टिळा. आता ओघळ वर गेलाय. खोकं फ्रीजमधून हललंच नसतं, तर भिजलं नसतं. भिजलं तेव्हा उलटं होतं, म्हणजे बर्फाच्या कॅरियरमध्ये पडलेलं होतं. या फोटोत तेच खोकं आहे, तोच ओघळ आहे, आणि फ्रीज करंजवडचा आहे. पथकाची तपासणी आणि बाज्याचं मरण एकाच दिवशी झालं. बाज्या इथे तडफडत होता, तेव्हा त्याचं औषध तिथे शोभेला मांडलं होतं. संध्याकाळी सगळे बाज्याच्या घरी असताना ते परत आलं, आणि दुसऱ्या सकाळी साहेब पंच घेऊन आले. आपणच ठेवलेलं खोकं आपणच शोधून काढलं."

पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने ते पावरीत सगळ्यांना सांगितलं. अंगणात हालचाल झाली.

"हे कुणी केलं असेल त्याच्यावर कारवाई होईल," हिंमतराव शांतपणे म्हणाले. अशा माणसांचा शांतपणाच डोक्यात जातो. "स्टोअरचा माणूस दोषी दिसतो. धर्मेंद्र, तुन्ही चूक शे ना ही?"

धर्मेंद्र गर्दीतून पुढे आला. "साहेब, मी तीनदा इचारं. तिन्हीदाव तुम्हीच हा म्हनात."

"मला कुणी काही कळवलं असतं तर मी लगेच औषध पाठवलं असतं. मी डॉक्टर आहे मॅडम, कसाई नाही. पण मला कळवलंच गेलं नाही."

आफशीन याच वाक्याची वाट पाहत होती. ती यामिनीकडे वळली. "सिस्टर, त्या दिवशी पहिला फोन कुणाला केला होता?"

"उंबरबारीच्या प्रभारी डॉक्टरांना."

"आत्ता लावा."

यामिनीने लावला. हिंमतरावांच्या खिशात सनई वाजली. त्यांनी खिशात हात घालून ती बंद केली.

"दुसरा?"

"करंजवडच्या डॉक्टरांना." सनई परत वाजली. परत बंद झाली. अंगणातली माणसं पुढे सरकली.

"तिसरा?"

"तालुका साहेबांना."

सनई तिसऱ्यांदा वाजली. हिंमतरावांचा डावा हात आपोआप खिशावर गेला, बोटं आत, अंगठा बाहेर. आणि पायाशी मातीत पसरलेल्या हिंमतरावांचाही हात तिथेच होता. ओट्यावरच्या माणसाकडे आणि मातीतल्या माणसाकडे सगळे आळीपाळीने पाहू लागले.

"तिघांना फोन केला बाईने," आफशीन म्हणाली. "तिन्ही नंबर एकाच फोनवर वळवलेले, तिन्ही वेळा एकच खिसा वाजला. पथकासमोर फोटो चालला होता म्हणून तुम्ही कट केला. एवढंच कारण होतं. फोटो बिघडू नये."

"हा अहवाल माझ्याकडेच येणार आहे," हिंमतराव हळू आवाजात म्हणाले. "आणि तुमच्या कंत्राटाची शिफारसही."

"ठाऊक आहे. म्हणूनच लिहिला नाही, सगळ्यांसमोर सांगितला. आता हा फ्लेक्स आणि हे खोकं पोलिस ठाण्यात जातील. तिथला चार्ज तरी तुमच्याकडे नाही."

जामसिंगने ॲम्ब्युलन्सचं मागचं दार उघडलं. हिंमतराव उठायला गेले, पण गजराबाई खांब सोडून त्यांच्या पुढ्यात आली होती. तिने यामिनीपुढे हात केला. यामिनीला कळलं. तिने शेवटचा नंबर परत लावून फोन गजराबाईच्या हातात दिला.

सनई वाजू लागली. हिंमतरावांचा हात खिशाकडे गेला.

"उचल," गजराबाई म्हणाली.

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. कुणी हललं नाही. जायला वाटही कुणी देत नव्हतं. सनई वाजतच राहिली. शेवटी त्यांनी फोन बाहेर काढला आणि कानाला लावला.

गजराबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ती तोडक्या मराठीत, दुसरीकडे कुठे लांब ऐकू जावं एवढ्या मोठ्याने बोलली.

"साहेब, माझा पोऱ्याला साप चावला. औषध धाडा."

मग ती उत्तराची वाट पाहत तशीच उभी राहिली.